आपले दोन मोठे कस्टमर एकत्र होतायत, सप्लायरने आता काय करावं?

सीलवाला

नमस्कार मंडळी,

आमचं छोटं युनिट आहे, रबरी सील आणि गास्केट बनवतो. पंप बनवणाऱ्या दोन कंपन्या आमच्या जुन्या कस्टमर, दोघींचा मिळून निम्म्याहून जास्त धंदा. आता त्यातली एक दुसरीला विकत घेतेय आणि पुढे रीतसर मर्जर होणार अशी घोषणा झालीये. घोषणेनंतर दोन्हीकडून मेल आले, मजकूर जवळपास सारखाच, की आपल्या व्यावसायिक संबंधांत कोणताही बदल होणार नाही, पुरवठा नेहमीप्रमाणे चालू ठेवावा.

माझी काळजी अशी की एक फ्लँज गास्केट आम्ही दोघींनाही देतो. कंपाउंड (रबराचं मिश्रण) तेच, डाय (साचा) तीच, फक्त ड्रॉइंग नंबर वेगळे. पहिलीला प्रत्येक लॉटसोबत हार्डनेस आणि मापांचा रिपोर्ट लागतो, प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत, पिशवीवर बारकोड. दुसरी शंभर-शंभरच्या गठ्ठ्यात उचलते, रिपोर्ट मागत नाही, आणि दर महिन्याला न चुकता ठरलेली क्वांटिटी घेते. साहजिकच पहिलीचा रेट बराच जास्त आहे. उद्या दोघींचं परचेस एक झालं की दोन्ही रेट एकाच माणसासमोर जाणार आणि तो म्हणणार की इतके दिवस आम्हाला लुटलंत.

तर कोणी यातून गेलं असेल तर सांगा. आपण होऊन जाऊन बोलावं की गप्प राहावं? पेमेंट टर्म्सचं काय होतं, हातातल्या पीओंचं (खरेदीच्या ऑर्डरींचं) काय? कस्टमरच्या बाजूने अनुभव असेल तर तोही लिहा, उपयोगच होईल.

टिपकागद

वाचतोय. आमच्याकडे प्रिंटिंगच्या धंद्यात हेच चालू आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत बसलोय.

खरेदीदार_मी

मी टेबलच्या पलीकडच्या बाजूला बसतो, मोठ्या कंपनीत परचेस बघतो आणि मर्जर आतून बघितलेलं आहे. सरळच सांगतो.

ते 'काहीही बदल होणार नाही' हे पत्र लिहिणारा माणूस खोटं बोलत नसतो. मंजुऱ्या मिळून व्यवहार पूर्ण होईपर्यंत खरंच काही बदलता येत नाही, कारण तोपर्यंत कायद्याने त्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत आणि त्यांनी एकमेकींना सप्लायरचे रेट दाखवणं स्पर्धा कायद्यात बसत नाही. पण तयारी थांबलेली नसते. बहुतेक मोठ्या व्यवहारांत 'क्लीन टीम' असते, म्हणजे बाहेरचे कन्सल्टंट किंवा रोजच्या खरेदी-विक्रीतून बाजूला काढलेली माणसं. दोन्हीकडचा डेटा फक्त त्यांना मिळतो. ते बसून दोन्हीकडचे सामायिक सप्लायर शोधतात, एकाच वस्तूचे दोन रेट शेजारी-शेजारी मांडतात आणि कमी रेट दोन्हीकडे लावला तर किती वाचेल ते काढून ठेवतात. व्यवहार पूर्ण झाला की पहिल्याच दिवशी ती यादी आमच्या हातात येते.

म्हणजे सीलवाला, तुमचं गास्केट त्या यादीत असणारच असं धरून चाला.

हे एवढ्या घाईने का होतं तेही सांगतो. मर्जर जाहीर करताना शेअरहोल्डरना 'सिनर्जी'चा, म्हणजे एकत्र आल्याने होणाऱ्या फायद्याचा, आकडा दिलेला असतो. विक्री वाढेल हे सिद्ध करायला वर्षं जातात. माणसं कमी करायची तर त्यांना पैसे द्यावे लागतात. खरेदीतली बचत मात्र पुढच्या तिमाहीत कागदावर दिसते, म्हणून सगळ्यात पहिला दबाव परचेसवर येतो आणि तिथून तुमच्यावर.

रानपाखरू

खरेदीदार_मी, प्रतिसाद आवडला. पण हे ऐकून सप्लायरने निमूट मान तुकवावी असं कोणी समजू नये, म्हणून एक जुना किस्सा लिहितो, गाड्यांच्या धंद्यातला आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्रायस्लरचं सप्लायरशी असलेलं नातं बाकीच्या गाडी कंपन्यांना हेवा वाटावा असं होतं. त्यांची स्कोअर नावाची पद्धत होती. सप्लायरने खर्च कमी करायची कल्पना सुचवायची, क्रायस्लरचे इंजिनिअर ती तपासणार, आणि जी बचत होईल ती दोघांनी वाटून घ्यायची. सप्लायरचं मार्जिन कापायचं नाही, काम करायची पद्धत सुधारायची. खरेदी सांभाळणारे टॉम स्टॉलकँप या धोरणाचा चेहरा होते. सप्लायर आपणहून कल्पना घेऊन यायचे, कारण सांगितलं तर आपलाही फायदा होतो हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

१९९८ मध्ये डाइमलर-बेंझशी मर्जर झालं. 'समान भागीदारांचं मर्जर' अशी जाहिरात होती. १९९९ मध्ये स्टॉलकँप बाहेर पडले. आणि २००० संपता संपता नव्या नेतृत्वाने सगळ्या सप्लायरना कळवलं की १ जानेवारी २००१ पासून सरसकट ५ टक्के रेट कमी, आणि पुढच्या दोन वर्षांत अजून १० टक्के. कोणाचा माल कोणता, कोणी आधीच किती खर्च कमी करून दिलाय, काही बघितलं नाही. काही मोठ्या सप्लायरनी उघड नकार दिला.

त्या ५ टक्क्यांपेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं असं माझं ठाम मत आहे. ज्या सप्लायरला कळलं की आपण सुचवलेली बचत वाटून मिळण्याऐवजी आपल्याच अंगावर येते, तो पुढची कल्पना कशाला सांगेल? तो ती स्वतःकडे ठेवतो किंवा दुसऱ्या कस्टमरकडे घेऊन जातो. वर्षानुवर्षं कमावलेलं नातं एका पत्राने जातं ते असं. २००७ मध्ये डाइमलरने क्रायस्लरचा ८०.१ टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकून टाकला.

खरेदीदार_मी

@रानपाखरू, किस्सा खरा आहे पण अर्धा आहे. २००० च्या दुसऱ्या सहामाहीत क्रायस्लर तोट्यात गेली होती, त्यामुळे कपात फक्त मर्जरमुळे आली असं म्हणता येत नाही, मर्जर झालं नसतं तरी काहीतरी कापावंच लागलं असतं. आणि त्या गाजलेल्या सुसंबंधांच्या काळातही क्रायस्लरने सप्लायरची संख्या जवळपास निम्म्यावर आणली होती, हे विसरू नका. जे उरले त्यांच्याशी संबंध चांगले होते. जे गेले त्यांना कोण विचारतो?

रानपाखरू

तोट्याचा मुद्दा मान्य. पण तोटा असताना सप्लायरला बोलावून 'कुठून वाचवता येईल सांगा' म्हणणं वेगळं आणि सरसकट पत्र पाठवणं वेगळं. माझा आक्षेप पद्धतीला आहे.

कलम_क्रमांक

कायद्याच्या अंगाने थोडं लिहिते, कारण 'पीओंचं काय' हा प्रश्न मागे राहिला.

आधी बघायचं की व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे. फक्त शेअर विकत घेतले असतील तर तुमच्याशी करार केलेली कंपनी तीच राहते, मालक बदलतो, करार जसाच्या तसा चालू. अपवाद एवढाच की करारात 'चेंज ऑफ कंट्रोल'चं कलम असेल तर, मग दुसऱ्या पक्षाला करार संपवायचा किंवा संमती द्यायचा हक्क असू शकतो. पुरतं मर्जर झालं तर एक कंपनी संपते आणि तिची येणी, देणी, करार सर्वसाधारणपणे कायद्यानेच उरलेल्या कंपनीकडे जातात, तुमचं जुनं बिल बुडत नाही. तिसरा प्रकार म्हणजे कंपनी न घेता फक्त एखादा डिव्हिजन किंवा कारखाना विकत घेणं. तिथे एकेक करार हस्तांतरित करावा लागतो आणि पुष्कळदा सप्लायरची संमती लागते. तुमच्याकडे सही मागायला कोणी आलं तर ती मुकाट्याने करू नका, जुनी थकबाकी कोण देणार हे तिथेच लिहून घ्या.

तुमच्या बाबतीत आधी खरेदी, मग मर्जर असं दिसतंय. म्हणजे सुरुवातीला काहीच बदलणार नाही आणि मग एका ठरावीक तारखेला एका कंपनीचं नाव आणि टॅक्स नंबर दोन्ही बदलतील. ती तारीख लेखी मागून घ्या.

आता महत्त्वाचं. पहिल्या कंपनीच्या करारात 'सर्वात कमी दराची हमी' असं काही कलम आहे का? म्हणजे आम्हाला देताय त्यापेक्षा कमी दराने दुसऱ्या कोणालाही देणार नाही असं लिहून दिलंय का? असेल तर तुमची खरी अडचण ती आहे. उद्या दोन्ही रेट एका ठिकाणी आले की ते करारभंग म्हणून मागचा फरकही मागू शकतात.

पाणवठा

बापरे. हे कलम आमच्याकडे प्रत्येक करारात छापील असतं, कोणी वाचत नाही.

घसारा

मी हिशेबाचा माणूस. रेटवर सगळे बोलतायत, पैसे कधी मिळणार यावर कोणीच नाही, म्हणून आलो.

पेमेंट टर्म्स एकत्र होतात तेव्हा कायम लांबच्या बाजूला होतात. एकीचे ४५ दिवस आणि दुसरीचे ९० असतील तर एकत्र झाल्यावर ४५ झालेले मी तरी बघितले नाहीत. मोठं उदाहरण द्यायचं तर २००८ मध्ये इनबेव्हने अनहायझर-बुश घेतली, बिअरमधली जगातली सगळ्यात मोठी कंपनी तयार झाली, आणि त्यानंतर सप्लायरना पैसे द्यायची मुदत १२० दिवसांपर्यंत ताणली गेली. कायद्याचा थोडा आधार असतो, युरोपात २०११ च्या निर्देशानुसार कंपन्या-कंपन्यांमध्ये साधारण ६० दिवस, भारतात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात ४५ दिवस. पण आपल्या सगळ्यात मोठ्या कस्टमरविरुद्ध तक्रार करायला छाती लागते.

दुसरं, आणि हे आपल्यातल्या पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आज तुमच्या डेटरच्या यादीत दोन नावं आहेत, उद्या एकच असेल. क्रेडिट इन्शुरन्स घेतला असेल तर मर्यादा प्रत्येक नावावर असते, दोन नावं एक झाली म्हणून दोन मर्यादांची बेरीज आपोआप होत नाही. बँकसुद्धा एकाच पार्टीकडे फार मोठी रक्कम अडकलेली दिसली की ड्रॉइंग पॉवर (आपल्याला उचलता येणारी कर्जाची रक्कम) कमी धरते. म्हणजे विक्री तेवढीच, नफा तेवढाच, पण खेळतं भांडवल कमी पडतं. मर्जरच्या तारखेआधीच बँकेत जाऊन बोला. नंतर गेलात तर मॅनेजरला वाटतं की हा अडचणीत आलाय म्हणून आलाय.

आणि तिसरं, नवा व्हेंडर कोड. जुना कोड बंद झाला आणि नवा अजून मंजूर नाही या फटीत बिलं हमखास अडकतात. माल गेटमधून आत गेलेला असतो, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) जुन्या कंपनीच्या नावाने झालेला असतो, बिल नव्या नावाने मागतात आणि सिस्टिम म्हणते की दोन्ही जुळत नाहीत. कोणाचीच चूक नसते, प्रत्येक जण खरंच मदत करायला बघत असतो, तरी पैसे मात्र येत नाहीत.

टिपकागद

घसारा, शेवटचा परिच्छेद म्हणजे आमचं सध्याचं वास्तव आहे. पोर्टलवर बिल चढवलं की लाल अक्षरात 'पीओ सापडला नाही' येतं, आणि तोच पीओ छापून माझ्या टेबलवर पडलेला आहे.

घसारा

त्यांच्या अकाउंट्सकडून नव्या नंबराने त्याच पीओची दुरुस्त आवृत्ती मागून घ्या, जुन्या नंबरावर भांडत बसू नका. आणि बिलात दोन्ही नंबर लिहा.

अनुजा_क

सीलवाला दादा, तुम्ही कस्टमरच्या बाजूचं पण विचारलंत म्हणून लिहिते.

आमचं ऑफिस जे बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरायचं ती छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. आधी काही अडलं की एक ठरावीक मुलगा फोन उचलायचा, त्याला आमचा सेटअप पाठ होता, आमच्याकडे महिनाअखेरीला बिलांचे नंबर वेगळ्या मालिकेत जातात हे त्याला सांगावंच लागायचं नाही. विक्रीनंतर तो गेला. त्याच्या जागी तिकीट पद्धत आली. माणसं चांगली होती, नम्र होती, पण दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. मग पत्र आलं की हे प्रॉडक्ट अमुक तारखेला बंद होणार, आमच्या मुख्य प्रॉडक्टवर या. आम्ही नाही गेलो, दुसरीकडेच गेलो. किंमत जास्त होती म्हणून नाही, आमची ओळख असलेलं तिथे कोणी उरलंच नव्हतं म्हणून.

घेणाऱ्या कंपनीने पैसे मोजले ते कस्टमरच्या यादीसाठी, पण ती यादी ज्यांच्यामुळे टिकली होती ती माणसं त्यांनी पहिल्या वर्षातच घालवली, हे मला अजूनही पटत नाही.

मोजपट्टी

+१ अनुजाताई. माणसं किमान काही काळ टिकवून ठेवायला बोनस देतात पुष्कळ ठिकाणी, पण तो वरच्या लोकांना मिळतो. फोन उचलणाऱ्याला कोणी देत नाही.

पाणवठा

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर चिप बनवणारी ब्रॉडकॉम आणि सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरमध्ये जाहीर केलं की कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद, यापुढे फक्त सबस्क्रिप्शन. जुना पार्टनर प्रोग्रॅमही बंद केला आणि नव्यात निवडक लोकांनाच बोलावलं. म्हणजे एका फटक्यात कस्टमर पण हलले आणि वर्षानुवर्षं विकून देणारे छोटे रिसेलर पण. आमच्या आयटीवाल्यांचे पुढचे महिने फक्त पर्याय शोधण्यात गेले.

वाटसरू_२

पण पाणवठा, ब्रॉडकॉमला ते मोठे कस्टमरच हवे होते, बाकीचे गेले तरी चालतील असा त्यांचा हिशेब असेल तर तो चुकला कसं म्हणणार? प्रत्येक गिऱ्हाईक टिकवायलाच मर्जर करतात असं नाही.

पाणवठा

हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर असेलही. मी ज्यांना ऐनवेळी बजेट शोधावं लागलं त्यांच्या बाजूने बोलतोय.

घसारा

बँकांमधलं उदाहरण: ब्रिटनमधली टीएसबी. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेलने घेतली, एप्रिल २०१८ मध्ये खाती आधीची मालक असलेल्या लॉइड्स बँकेच्या जुन्या सिस्टिमवरून सबादेलच्या नव्या सिस्टिमवर हलवली. हलवताना असा गोंधळ झाला की १९ लाखांच्या आसपास ग्राहकांना स्वतःचं खातं उघडता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६ कोटी पौंडांच्या वर दंड केला. ग्राहकाला मर्जर कळतं ते बातमीतून नाही, लॉगिन चालेनासं झालं की कळतं.

मुक्काम_पोस्ट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मुक्काम_पोस्ट

(मोबाइलवरून दोनदा पडला होता.) मला उलटा अनुभव आहे, तोही नोंदवतो. आम्ही पॅकिंगचे खोके पुरवतो. आमचा कस्टमर एका मोठ्या ग्रुपने घेतला तेव्हा आम्हीही घाबरलो होतो. रेट खरंच कमी करावा लागला. पण ग्रुपच्या बाकीच्या कारखान्यांचं दार उघडलं, आधी तीन-तीन वर्षं चकरा मारूनही जिथे कोणी उभं करत नव्हतं तिथे 'आमचाच मंजूर सप्लायर' म्हणून थेट कोटेशन मागवलं. व्हॉल्यूम वाढलं, मशीन रिकामी राहायची बंद झाली. सप्लायरची संख्या कमी करतात म्हणजे कोणाचं तरी काम दुसऱ्या कोणाला तरी मिळतंच ना? तो दुसरा आपण असायचा प्रयत्न करायचा.

रानपाखरू

मिळतं, पण ज्याचं गेलं तो इथे लिहायला येत नाही.

सुरपारंबी

यावर अभ्यास झालेला आहे. फी आणि थॉमस या दोन संशोधकांनी २००४ मध्ये एक पेपर लिहिला, १९८० ते १९९७ मधली एकाच धंद्यातल्या कंपन्यांची मर्जर घेऊन त्यांच्या सप्लायर, कस्टमर आणि स्पर्धकांच्या शेअरवर आणि कामगिरीवर काय परिणाम झाला ते तपासलं. कस्टमरना संगनमताने लुटलं जातंय याचा फारसा पुरावा मिळाला नाही. खरेदीतली ताकद वाढते याचा मात्र मिळाला. आणि ती ताकद काही अंशी खरोखर कार्यक्षम खरेदीतून येते, काही अंशी निव्वळ दबावातून, दोन्हीची चिन्हं दिसली. म्हणजे मुक्काम_पोस्ट आणि रानपाखरू दोघंही बरोबर आहेत.

कायदाही आता सप्लायरकडे बघायला लागलाय. पेंग्विन रँडम हाउस सायमन अँड शुस्टर घेत होती २.२ अब्ज डॉलरला. अमेरिकेच्या कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला ते अडवलं, आणि कारण वाचकाला पुस्तक महाग पडेल हे नव्हतंच. मोठ्या लेखकांच्या हस्तलिखितांसाठी बोली लावणारे प्रकाशक कमी होतील आणि त्यांचं आगाऊ मानधन घटेल, हे कारण होतं. लेखक म्हणजे तिथे सप्लायरच.

पाणवठा

आणि चिप बनवणारी एनव्हिडिया आर्मला घेणार होती ते! तिथे तर कस्टमरांनीच मर्जर हाणून पाडलं म्हणा ना. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा, फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंडाळलं. आर्म चिपचं डिझाइन सगळ्यांना लायसन्सवर देते, क्वालकॉम वगैरे सगळे तिचे कस्टमर, आणि ते एकमेकांचे स्पर्धक. त्यातल्याच एकाने ती विकत घेतली तर बाकीच्यांनी आपले पुढचे बेत तिला कसे सांगायचे? आर्मवर विश्वास होता तो ती कोणाच्याच बाजूची नव्हती म्हणून.

मोजपट्टी

विमानांतही तसंच. स्पिरिट एरोसिस्टिम्स बोइंगला सांगाडे पुरवायची आणि एअरबसलाही भाग द्यायची. २०२४ मध्ये बोइंगने ती परत घ्यायचं ठरवलं तेव्हा एअरबसचं काम करणारे कारखाने एअरबसकडे जातील हे सोबतच ठरवावं लागलं. आपल्या पंखाचे भाग आपला स्पर्धक बनवणार हे कोणाला चालेल?

बरं, आता धागा विमानात बसून लांब गेलाय, गास्केटकडे परत येऊ. मी क्वालिटीत काम करते, आणि सीलवाला, तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी कमकुवत नाही. परचेसला सप्लायर आज बदलायचा असेल, पण रबराचा सील बदलायचा म्हणजे डिझाइन आणि क्वालिटी दोघांची सही लागते. नवं कंपाउंड म्हणजे कम्प्रेशन सेट (दाब काढल्यावर किती चपटं राहतं), तेलात फुगतं का, उष्णतेने कडक होतं का, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, मग पंपावर लावून ट्रायल. मर्जरच्या काळात आमच्याकडे लॅबमध्ये आधीच रांग असते, कारण दोन्ही कंपन्यांचे सगळेच भाग एकमेकांशी जुळवून बघायचे असतात. अशा वेळी कोणी स्वस्त गास्केटसाठी रांगेत उभं राहत नाही.

एक विचारते. डाय कोणाच्या मालकीची आहे? कस्टमरने डायचे पैसे दिले असतील तर ते ती उचलून दुसऱ्याकडे नेऊ शकतात, आणि मर्जरनंतर हे फार होतं.

सीलवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

@मोजपट्टी, डाय आमची आहे, दोन्हींसाठी. खर्च आम्ही केला, रेटमधून वसूल झाला, कुठेही त्यांच्या मालकीची म्हणून नोंद नाही.

@कलम_क्रमांक ताई, तुमचा प्रतिसाद वाचून करार काढला. कलम आहे! पण त्यात 'समान वस्तू, समान परिमाण आणि समान अटींवर' असं लिहिलंय. पहिलीच्या पीओमध्ये रिपोर्ट, वेगळी पिशवी आणि बारकोड या अटी स्पष्ट आहेत, दुसरीच्या पीओत नाहीत. महिन्याची क्वांटिटी पण वेगळी. मग चालेल ना?

कलम_क्रमांक

तुम्ही सांगताय त्यावरून तरी अटी समान नाहीत, त्यामुळे तुमची बाजू चांगली दिसते. पूर्ण करार मात्र तुमच्या वकिलाला दाखवा. आणि वाद निघायच्या आधी तो फरक कागदावर आणा. वाद निघाल्यावर तयार केलेला कागद पुरावा म्हणून लंगडा पडतो.

खरेदीदार_मी

आता मूळ प्रश्न, आधी बोलावं की गप्प राहावं. माझं मत, बोलावं, पण रेटवर नाही. आणि एका कस्टमरशी बोलताना दुसऱ्याचा रेट अजिबात तोंडातून काढायचा नाही, व्यवहार पूर्ण होईपर्यंत ते गोपनीयच आहे.

आत्ता करायचं ते असं, की दोघांनाही पुढच्या कोटेशनपासून रेट फोडून द्या. गास्केटचा मूळ रेट, त्याखाली तपासणी आणि रिपोर्टचा वेगळा, त्याखाली पॅकिंग आणि बारकोडचा वेगळा. आणि क्वांटिटीनुसार मूळ रेटचे टप्पे. म्हणजे क्लीन टीमच्या यादीत तुमच्या नावापुढे 'एकाच वस्तूचे दोन रेट' असं न येता 'मूळ रेट जवळजवळ सारखा, सेवा वेगळी' असं येईल. माझ्या टेबलवर असा कागद आला तर मी पहिला प्रश्न सप्लायरला विचारत नाही, आमच्याच क्वालिटीला विचारतो की हा रिपोर्ट आपल्याला खरंच लागतो का. पुष्कळदा उत्तर येतं, नाही लागत. मग अट निघते, रेट उतरतो, आणि तुमचं मार्जिन जागेवर राहतं.

रानपाखरू

हे आवडलं. आणि हे स्कोअरच्या अगदी जवळ जातं, बघा. दोन ड्रॉइंगचं एक करा, एकच पॅकिंग करा, आमचा सेटअपचा खर्च वाचेल त्यातला निम्मा तुम्हाला देतो, असं तुम्हीच त्यांना सुचवू शकता.

मोजपट्टी

फक्त ते परचेसकडे आधी नेऊ नका, डिझाइनकडे न्या. मर्जरनंतर दोन ड्रॉइंगचं एक करायचं काम त्यांच्याच डोक्यावर येणार आहे. तयार तक्ता घेऊन जाणारा सप्लायर त्यांना देवासारखा वाटतो, आणि पुढे सप्लायर कमी करायची बैठक होते तेव्हा बोलणारं कोणीतरी आत असतं.

वाटसरू_२

पण समजा सगळं करूनही सरसकट ५ टक्क्यांचं पत्र आलंच तर?

खरेदीदार_मी

येऊ शकतं. तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणू नका. बदल्यात काय ते विचारा: व्हॉल्यूमची लेखी हमी, दोन-तीन वर्षांचा करार, पेमेंटची मुदत आहे तेवढीच. पत्र पाठवणाऱ्यालाही वरती काहीतरी दाखवायचं असतं, त्याला टक्के मिळाले तर तो पेमेंटच्या दिवसांचा हट्ट सोडतो.

घसारा

आणि कमी पैसे लवकर आणि जास्त पैसे उशिरा यात काय निवडायचं याचा हिशेब घरून करून जा. तुमच्या कॅश क्रेडिटचा व्याजदर घ्या आणि वाढलेल्या दिवसांचं व्याज रेटमध्ये किती टक्के होतं ते काढा. बैठकीत कॅल्क्युलेटर काढायची वेळ येऊ देऊ नका.

टिपकागद

सीलवाला, तो तक्ता तयार झाला की रकाने तरी इथे टाकाल का? आकडे नकोत, नुसती मांडणी. आमच्या लेबलांनाही तसंच लागू होईल.

सीलवाला

नक्की. आत्ता असं मांडलंय: दोन्ही ड्रॉइंग नंबर, कंपाउंड, मापांची टॉलरन्स, तपासणीची अट, पॅकिंगची अट, महिन्याची सरासरी क्वांटिटी, डायची मालकी, शेवटची मंजुरी कधी मिळाली, आणि दोन्ही ड्रॉइंगमध्ये प्रत्यक्षात कुठल्या मापात फरक आहे. शेवटचा रकाना भरताना कळलं की फरक फक्त बोल्टच्या भोकांच्या टॉलरन्समध्ये आहे, आणि आम्ही दोघींनाही कडक टॉलरन्सचाच माल देतोय. रेट या तक्त्यात ठेवलेला नाही, तो दोघींच्या कोटेशनमध्ये वेगवेगळा जाईल. सोमवारी पहिलीच्या डिझाइनवाल्यांची वेळ मिळालीये, दुसरीकडे अजून फोन लागत नाहीये, तिथला आमचा माणूस बहुतेक बदललाय.

अनुजा_क

दादा, तो माणूस कुठे गेला ते आधी शोधा. कंपनीतच दुसरीकडे गेला असेल तर फार कामाचा आहे.